मामांची गुलाबी गोळी

मोज्याच्या एका रेघेनं माझी झोप उडवली होती. मोजा माझा नव्हे, मामांचा. म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. आमच्या घरात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्ती. मामांनी संध्याकाळी फिरून आल्यावर मोजे काढले, आणि इलॅस्टिकची रेघ पायावर तशीच राहिली. जेवणं झाली, आत्तींची मालिका संपली, रेघ काही जाईना. पुढं अंथरुणावर पडले तर मला तीच रेघ छतावर दिसायला लागली. शेजारी नवरा मस्त घोरत होता. त्याचं नाव रणजित, पण घरातल्या रणात तो कधीच उतरत नाही.

काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे. मुख्य धंदा शिकवण्यांचा. मी बी.एस्सी. झालेय, शाळेच्या मुलांना सायन्स शिकवते. म्हणजे काळजी लागण्यापुरतं ज्ञान माझ्याकडं आहे, ती घालवण्यापुरतं नाही.

तर सूज. आमचं घर, आमची गल्ली आणि मामांचं तालीम मंडळ, एवढ्यात सुजेचे इतके किस्से आहेत की विचारू नका. ते कुणी जमवत बसत नाही. औषधाच्या डब्यासारखे ते आपोआप साठतात. कुणाच्या दाताच्या गोळ्या उरतात, कुणाच्या कमरेच्या उरतात. टाकवत नाहीत, म्हणून डब्यात जातात. एक दिवस झाकण लागेनासं होतं. मग बसून एकेक बाहेर काढावं लागतं!

* * *

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत स्ट्रिपचे तुकडे. मेडिकलवाला मागू तेवढ्याच गोळ्या कात्रीनं कापून देतो. त्यात नाव एका तुकड्यावर जातं, तारीख दुसऱ्यावर, आणि आमच्या नशिबी येतो मधला. त्यामुळं आमच्याकडं गोळ्यांना नाव नाही, रंग आहे. पांढरी तापाची. पिवळी रणजितच्या ॲसिडिटीची. आणि गुलाबी सुजेची.

नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा मी आत्तींना भाबडेपणानं विचारलं होतं, "आत्ती, ही गुलाबी कसल्या सुजेवर चालते?"

आत्ती तांदूळ निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "सुजंवर. आता सुजंत काय जाती असत्यात व्हय?"

* * *

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते. आमच्या पेठेत येऊन विचारा, लोक फुटबॉल सांगतील. सीझन सुरू झाला की लग्नाच्या तारखासुद्धा मॅच बघून धरतात. इथं तालीम मंडळांच्याच फुटबॉल टीम असतात, आणि मामा एकेकाळी आपल्या मंडळाच्या टीमचे गोलकीपर होते. आणि त्यांच्या एका गोलाबद्दल पेठेत अजून भांडणं होतात.

फायनल होती. पाऊस पडून गेलेला, चिखल झालेला, आणि बॉल मामांच्या हातातून सुटून रेघेच्या आत गेला. स्टेडियममधल्या सगळ्यांनी पाहिलं. मामांनी बॉल ओढून बाहेर घेतला, छातीशी धरला आणि रेफरीला म्हणाले, "रेघंवर हुता!"

रेफरीनं गोल दिला नाही. मामांनी तो आजपर्यंत दिलेला नाही!

तेव्हापासून आमच्या घरात ही भाषाच झाली आहे. एकदा मामांनी आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आत्तींनी विचारलं, "काय, गोल झाला न्हवं?"

मामांनी ती आमटी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "रेघंवर हुता."

* * *

आता मामा खेळत नाहीत. टीममध्ये त्यांना पद नाही, पण त्यांच्याकडं डबा आहे. मॅचला ते डबा घेऊन लाइनच्या बाहेर बसतात. क्रेप बँडेज, आंबेहळद आणि गुलाबी गोळी. पोरं कोचचं ऐकतात की नाही माहीत नाही, मामांपुढं मात्र रांगेत उभी राहतात.

पिंट्या आमचा फॉरवर्ड. हाफ टाइमच्या आधी त्याचा घोटा मुरगळला. मामांनी बँडेज बांधलं, गोळी दिली, वर चहा पाजला. सेकंड हाफला पिंट्या असा पळाला की बास! गोल मारला. मॅच जिंकली. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन पेठेत आणलं, आणि खाली उतरवल्यावर कळलं की बूट पायातून निघत नाहीय. शेवटी लेस कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून, मित्राच्या गाडीवर मागं बसून पिंट्या दारात हजर. "वहिनी, मामा हायत?"

मामा बाहेर आले. पायाकडं बघून म्हणाले, "काय रं? मोडला?"

"हेअरलाइन फ्रॅक्चर हाय म्हणत्यात." मग पिंट्याचा चेहरा एकदम उजळला. "पण मामा, गोळी एक नंबर हाय बघा! पाय मोडलाय ह्ये एक्स-रे काढंस्तोवर कळलंच न्हाय!"

मामांनी कोर्टात केस जिंकल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. मी रणजितकडं पाहिलं. रणजितनं मोबाइलकडं पाहिलं.

* * *

आत्तींची हिरडी सुजली ती नेमकी आमच्याकडच्या हळदीकुंकवाच्या दिवशी. एक गाल पुरीसारखा फुगलेला. येईल ती बाई वाणाआधी गालाकडं बघे आणि घरी जाऊन गोळी घेऊन येई. शेजारच्या शोभाकाकूंनी दिली, "हलकी हाय, घ्या." वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दिली, "ही दाताची स्पेशल." समोरच्यांनी दिली, "ह्यानं उष्णता होत न्हाय." आत्तींना कुणाचं मन मोडवत नाही. त्यांनी तिघींचा मान ठेवला!

दुसऱ्या दिवशी पोटात जाळ. आत्ती म्हणाल्या, "परवाच्या तांबड्या रश्शाचं हाय."

मी तिन्ही गोळ्यांची पाकिटं मागवून घेतली आणि मोबाइलवर फोटो मोठा करून बारीक अक्षरं वाचली. कंपन्या तीन, रंग तीन, पण आतलं औषध एकच. मी गल्लीच्या कट्ट्यावर जाऊन थोड्या तावातावानंच हे जाहीर केलं. शिकवणीची सवय, दुसरं काय! एकाच औषधाचे तीन डोस एका दिवशी, रिकाम्या पोटी, कुणी कुणाला न विचारता. मला वाटलं, आता बायका हादरतील.

शोभाकाकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तिघींनी न ठरवता येकच औषध दिलं?"

"हो काकू!"

"मग बघ की बाई," त्या बाकीच्यांकडं वळून म्हणाल्या, "कोण म्हणतं आमच्या गल्लीत एकी न्हाय म्हणून!"

* * *

माझी मुलगी सई सिनियर केजीत आहे. आजोबांबरोबर अंगणात गोलकीपिंगचा सराव करताना ती कट्ट्यावरून पडली आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. मामा डबा घेऊनच धावले. "अर्धी मोडून मधात दे. उतरंल."

मी सई आणि डबा यांच्या मधे उभी राहिले. लग्नानंतर मामांना मी पहिल्यांदा तोंडावर "नाही" म्हटलं ते तेव्हा. आवाज इतका बारीक निघाला की मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

मग मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. उलटी झाली का? नाही. गुंगी आहे का? नाही, ती बिस्किट मागतेय. "मग कापडात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरा, लक्ष ठेवा, आणि मोठ्यांची गोळी मोडून लहान मुलाला कधीही द्यायची नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "पण डॉक्टर, सूज लवकर उतरायला एखादं सिरप...?"

त्यांनी उलट विचारलं, "ताई, सूज कुणाला जास्त त्रास देतेय? तिला, की तुम्हाला?"

फोन ठेवल्यावरही मी टॉर्च घेऊन सईच्या डोळ्यांतल्या बाहुल्या सारख्या आहेत का ते बघत बसले. एक डोळा, दुसरा डोळा, परत पहिला. शेवटी सई कंटाळून म्हणाली, "आई, माझ्या डोळ्यात तुझं काय हरवलंय?"

* * *

मोज्याची रेघ दिसली ती त्यानंतर. मामांचं बीपी वाढत होतं, गोळी बदलूनही उतरत नव्हतं. मी रक्त तपासायचा हट्ट धरला आणि रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टर मॅडमकडं गेलो. मामा, मी आणि मांडीवर सई.

मॅडमनी विचारलं, "मामा, बीपीच्या गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"न्हाय."

"नक्की?"

"एकदम."

चारचौघांत सुनेनं सासऱ्याला खोटं पाडायचं नाही, असं आमच्यात कुणी शिकवत नाही. ते नऊवारीसारखं आपोआप अंगावर येतं. मी थोडा वेळ स्वतःच्या चपलांकडं बघितलं. मग म्हटलं, "मॅडम, गुलाबी गोळी."

मामा हसले. "ती काय औषध हाय व्हय? औषधाला चिठ्ठी लागती. ती मेडिकलमधी नुसती मागितली तरी मिळती!"

"कधी घेता?" मॅडम आता हसत नव्हत्या.

"सकाळी च्याबरोबर. गुडघ्याला. स्टेडियमच्या पायऱ्या चढायच्या असत्यात न्हवं."

"आणि?"

"रात्री आणखी येक. पायाला."

"पायाला काय झालं?"

"सूज येती की आता संध्याकाळी. ती उतराया."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मामा, गुडघ्यासाठी घेता त्या गोळीनं शरीर पाणी धरून ठेवतंय. म्हणून पाय सुजतायत. म्हणून बीपीची गोळी चालत नाहीय. आणि पाय सुजले की तुम्ही परत तीच गोळी घेताय!"

मामांनी नीट विचार केला. "म्हंजे दोन्ही टीमकडनं एकच प्लेअर खेळतोय म्हणा की!"

मॅडमसुद्धा हसल्या. मग त्यांनी रिपोर्टमधल्या एका आकड्याखाली रेघ मारली. किडनीचा आकडा होता. म्हणाल्या, "गोळी वाईट नाही. तरुण माणसानं, जेवून, चार दिवस घेतली तर काम करते. पण तुमचं हे वय, हे बीपी आणि हा आकडा बघता ती आजपासून बंद. गुडघ्याला मी व्यायाम देते, शेक सांगते, दुसरं काही लागलं तर मला विचारून. आत्ता थांबलात तर हा आकडा बहुतेक मागं येईल. नाही थांबलात, तर पुढचं मी सांगू शकत नाही."

सई मॅडमचा टॉर्च घेऊन आजोबांच्या मिशीत काहीतरी शोधत होती.

* * *

घरी येताना रिक्षात मामा बाहेर बघत बसले. पेठेच्या कमानीशी आल्यावर बाहेर बघतच म्हणाले, "मग पोरांनी मागितली तर मी काय देऊ?"

मी आयुष्यभर गोळीच्या मागं काय छापलंय ते वाचत आले. ती देणाऱ्याचा हात मी कधी वाचला नव्हता. पोरं गोळीसाठी येत होती, म्हणून मामांच्या शेजारी दोन घटका बसत होती. डबा बंद झाला की मामा नुसते लाइनच्या बाहेर बसलेले एक म्हातारे.

हे सगळं कळूनही मी घरी आल्यावर डबा रिकामा केला तो केलाच. मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "गोलकीपर हाय मी. कुणी सांगितलं म्हणून जागा सोडणार न्हाय."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या सोप्यात चहा चालला होता. मामांनी सईचा खेळण्यातला डॉक्टर सेट मागवला. माझ्या हाती न लागलेल्या खिशातल्या साठ्यातून गुलाबी गोळी काढली, सईच्या तळहातावर ठेवली. "डॉक्टर, द्या गोळी."

"आ करा," सई म्हणाली, आणि गोळी त्यांच्या तोंडात घातली.

मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी. "मामा! निदान पोरीच्या हातात तरी नको!"

"येक गोळी. तिच्या हातातनं थेट माझ्या तोंडात. मधी जागा हाय का कुठं?"

आणि हे माझ्याकडं बघत, सावकाश, चावून! ती गोळी किती कडू असते मला माहीत आहे. आणि हा माणूस ती लिमलेटसारखी चघळतोय, केवळ सुनेला दाखवायला! मी आत जाऊन एक चपाती इतकी लाटली की तिच्यातून पेपर वाचता आला असता.

रोज सकाळी हेच. मी रागावले, समजावलं, किडनीचं चित्र काढून दाखवलं. मामा म्हणाले, "काजूसारखी दिसती की." रणजितला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "तुझं चांगलं चाललंय की." आत्तींपुढं रडले. आत्तींनी पाठीवरून हात फिरवला. "अगं, मी इतकी वर्सं संसार केला. त्येंनी कधी गोल झाला म्हटलंय? तू कशाला बॉलमागं पळतीस?"

मी पळत राहिले. सईचा सेट रोज उलटा करून तपासायचा. संध्याकाळी मामांच्या पायावरची रेघ बघायची. आणि इथंच माझं डोकं चालेना. रेघ फिकट होत होती! एका संध्याकाळी मोजे काढले, तर रेघच नाही. मी चष्मा पुसून परत पाहिलं. रोज गोळी, आणि तरी सूज कमी? म्हणजे चुकलं कोण, सायन्स की मी? आजवरचा अनुभव असा की या दोघांत निवडायची वेळ आली, तर चूक माझीच निघते.

मॅचला मामा जातच होते. एकदा स्टेडियमच्या गॅलरीतून पाहिलं, तर पोरांच्या घोट्यांना रुमालात गुंडाळलेला बर्फ धरून बसले होते. एक पोरगं म्हणालं, "मामा, गोळी?" मामा खेकसले, "गप बस! आधी पोटात काय गेलंय ते सांग." मला वाटलं, माझ्याकडं बघून हे नाटक चाललंय. पण त्यांनी मला पाहिलंच नव्हतं.

* * *

महिन्यानं परत रक्त तपासलं. रिपोर्ट उघडायचं धाडस न करता मी तो तसाच मॅडमकडं नेला. आम्ही तसेच बसलो. मामा, मी, मांडीवर सई.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. मग मागचा काढून शेजारी ठेवला. मामांच्या पायावर अंगठा दाबला, उचलला. खड्डा पडला नाही. बीपी बघितलं. चेहरा खुलला. "अरे वा! आकडा मागं आलाय. मामा, सोडलीत ना गोळी?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "सोडतोय कशाला? रोज घेतली. च्याबरोबर. इचारा हिला."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. काय सांगणार? "हो मॅडम. रोज. माझ्या डोळ्यांदेखत. चावून."

"चावून?" मॅडम परत रिपोर्टकडं वळल्या. "असं होऊच शकत नाही."

"झालंय की," मामा म्हणाले.

"गोळी देतं कोण तुम्हाला?"

"ह्या काय, आमच्या डॉक्टर." मामांनी सईकडं बोट केलं. आणि त्याच क्षणी त्यांचं बोट जरा घाईनं मागं आलं, असं मला वाटलं.

मॅडम पुढं झुकल्या. "डॉक्टरबाई, आजोबांना कुठली गोळी देता तुम्ही?"

सईनं फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि टेबलावर एक गुलाबी गोळी ठेवली. साखरेचं कवच असलेली, आत चॉकलेट. एका बाजूनं चाटलेली. "ही शेवटची आहे," ती म्हणाली. "आजोबा, नवीन पाकीट आणायचं ना?"

मी तिचा खिसा उलटा केला. "सई! मग खऱ्या गोळ्या कुठं आहेत?"

मामा भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता मन लावून वाचायला लागले होते. सईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "खऱ्या तर आजोबांनी पहिल्याच दिवशी टाकून दिल्या. मला म्हणाले, आईला सांगू नको, नाहीतर गोल झाला म्हणून नाचंल."